नोव्हेंबरातले गुण

अमेरिकेहून परत आल्यावर आळीतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, “काय काय पाहिलंस रे?” नायगारा? नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा? विमानाच्या खिडकीतूनसुद्धा नाही. मग पाहिलेस तरी काय? मी खरे तेच सांगत असे, “एका लहानशा कॉलेजचे बास्केटबॉलचे सामने.” त्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा असा काही उतरे, की माझ्या तिकिटाचे पैसे त्याच्याच खिशातून गेले असावेत!

खरे सांगायचे तर मी गेलो तो आजीच्या सामानापैकी एक नग म्हणून. मामा आयोवा राज्यातल्या ग्रिनेल नावाच्या गावी बियाणांच्या एका कंपनीत नोकरीला आहे. आजीने सहा महिने आपल्याकडे राहावे असा त्याचा हट्ट होता, आणि एकटीने विमानात पाऊल ठेवणार नाही असा आजीचा. बारावीनंतर माझे एक वर्ष रिकामे होते. (त्याची कारणे गुणपत्रिकेत आहेत.) तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये आजी, तिच्या दोन बॅगा, भाजणीचा डबा आणि मी, असे सगळे ग्रिनेलला जाऊन पोचलो.

ग्रिनेल म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गावही त्यापुढे शहर वाटावे एवढे. वस्ती दहा हजारांच्या आतली. चहूकडे मक्याची शेते, आणि आम्ही गेलो तेव्हा तीही कापून मोकळी होत आलेली. गावातून मालगाडी जाते. चौकात लुई सलिव्हन या नामवंत वास्तुशिल्पीने १९१४ साली बांधलेली एक बँक आहे, दागिन्यांच्या डबीसारखी. आणि गावाच्याच नावाचे एक जुने कॉलेज आहे. मायक्रोचिपच्या जनकांपैकी एक असलेले रॉबर्ट नॉइस आणि जॅझचे विख्यात पियानोवादक हर्बी हॅनकॉक हे याच कॉलेजचे विद्यार्थी. नोव्हेंबर उजाडला की तिथे संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो आणि वारा असा सुटतो, की कानाला मफलर गुंडाळूनही कान आपले आहेत की शेजाऱ्याचे ते कळत नाही. अशा वेळी गावातल्या माणसाने जावे कुठे? तो डार्बी जिममध्ये जातो. आजी आणि मीही जाऊ लागलो.

इथे थोडी माहिती सांगणे भाग आहे. अमेरिकेतले कॉलेजचे बास्केटबॉल म्हटले की आपल्याला दूरदर्शनवरची ती भव्य स्टेडियमे आठवतात. ते पहिल्या विभागाचे खेळ. ग्रिनेल खेळते ते तिसऱ्या विभागात. हा विभाग १९७३ साली सुरू झाला. त्यात चारशेहून अधिक कॉलेजे आहेत, आणि त्याचा मुख्य नियम असा, की खेळतो म्हणून कोणाला शिष्यवृत्ती द्यायची नाही. म्हणजे संध्याकाळी मैदानावर घाम गाळणारा मुलगा सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो, त्याला डिसेंबरात परीक्षा असते, आणि व्यावसायिक खेळाडू होण्याची त्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. तरी तो खेळतो. आणि त्याहून आश्चर्य म्हणजे माणसे त्याला बघायला येतात!

आमच्या बाकावर तीन कायमचे सभासद होते. एक निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांना मी मनात ‘गुरुजी’ म्हणे. त्यांच्या खिशात एक लहान वही आणि पेन्सिल कायम असे. दुसरे एक शेतकरी आजोबा, त्यांची टोपी डोक्याला शिवलेली असावी असा मला संशय होता. आजीने त्यांचे नाव ‘टोपीवाले’ ठेवले. तिसऱ्या एक बाई. त्या सामना चालू असताना विणकाम करीत आणि सुईवरची नजर न काढता बरोबर योग्य वेळी टाळी वाजवीत. आजीची आणि त्यांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. एकीला इंग्रजी येत नव्हते, दुसरीला मराठी येत नव्हते. पण लोकरीचा टाका दोघींनाही येत होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. त्याच आठवड्यात आजीने घरच्या चकल्यांचा डबा जिममध्ये नेला. टोपीवाल्यांनी पहिली चकली बराच वेळ उलटसुलट करून पाहिली आणि पुढच्या पाच कोणाला न विचारता संपवल्या.

ग्रिनेलच्या खेळाची तऱ्हा जगावेगळी आहे. डेव्हिड आर्सेनो नावाचे प्रशिक्षक १९८९ साली तिथे आले, तेव्हा या संघाला हरण्याची सवय जडली होती. त्यांनी एक पद्धत बसवली आणि तिला नुसते ‘सिस्टिम’ असेच नाव पडले. दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला पाचच्या पाच खेळाडू बदलायचे. प्रतिस्पर्ध्याला पूर्ण मैदानभर दाबून धरायचे. मिळेल तेव्हा बास्केटकडे चेंडू टाकायचा, आणि तोही शक्यतो तीन गुणांच्या रेषेबाहेरून. त्यांचा हिशेबही ठरलेला: सामन्यात चौऱ्याण्णव फेक, त्यांतले निम्मे तीन गुणांचे; आपल्या चुकलेल्या फेकींपैकी तिसरा हिस्सा चेंडू परत मिळवायचे; प्रतिस्पर्ध्याकडून बत्तीस वेळा चेंडू हिरावायचा; आणि त्याच्यापेक्षा पंचवीस फेक जास्त करायचे. बघणाऱ्याला वाटते, हा खेळ आहे की आग लागलेल्या इमारतीतली पळापळ!

आजीने पहिला अर्धा सामना गप्प राहून पाहिला. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, “अरे, ही तर पंगत आहे! एक उठली की दुसरी बसते. कोणी उपाशी राहत नाही.”

मी हे बाकावर इंग्रजीत सांगितले. ‘पंगत’ समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. पण टोपीवाल्यांना ते पटले. ते म्हणाले, “बरोबर. बाराव्या-पंधराव्या मुलालाही खेळायला मिळावं, हा त्यातला अर्धा हेतूच आहे.”

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नोव्हेंबर महिन्यात या तिघांचे जे वाद चालत, तसे वाद मी आपल्याकडच्या निवडणुकीतही ऐकलेले नाहीत. विषय एकच: हंगामाच्या पहिल्या चार-पाच सामन्यांवरून काय समजायचे?

टोपीवाल्यांचे म्हणणे, “काहीसुद्धा नाही. पेरल्यावर आठवड्याभरात जमीन उकरून बघणारा शेतकरी कधी पाहिलास का? चौथ्या वर्षाची मुलं पदवी घेऊन गेली, पहिल्या वर्षाची शाळेतून आली. ऑक्टोबरात सराव सुरू झाला. कोण कुठे धावणार हे अजून त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. जानेवारीत बोला.”

गुरुजींना हे मान्य नसे. “वर्षाला फार तर पंचवीस सामने. नोव्हेंबरातली हार आणि फेब्रुवारीतली हार हिशेबात सारखीच मोजली जाते. मार्चमध्ये चौसष्ट संघांची राष्ट्रीय स्पर्धा असते. आपल्या गटाचं विजेतेपद मिळालं तर प्रवेश आपोआप. नाही मिळालं, तर समिती तुमचं सगळं वर्ष तपासते, आणि त्यात नोव्हेंबरही येतो.” मग थोडे थांबून म्हणत, “पण आकडा कोणता बघायचा हे कळलं पाहिजे. दुबळ्या संघाला पन्नास गुणांनी हरवलं, यातून काही कळत नाही. बलाढ्य संघाशी त्याच्या मैदानावर चार गुणांनी हरलात, तर पुष्कळ कळतं.”

विणकामवाल्या बाई बहुधा बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, “मी बाकावरच्या मुलांकडे बघते. मैदानातल्या मुलाची फेक चुकल्यावर बाकावरची मुलं काय करतात, त्यावरून मला वर्षाचा अंदाज येतो.”

या वादात हटकून एक रात्र निघे: २० नोव्हेंबर २०१२. त्या रात्री ग्रिनेलच्या जॅक टेलर या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एका सामन्यात एकट्याने १३८ गुण केले. मित्रहो, आकडा पुन्हा वाचा. छपाईची चूक नाही. बेव्हो फ्रान्सिस या रिओ ग्रँड कॉलेजच्या खेळाडूने १९५४ साली केलेला ११३ गुणांचा विक्रम त्याने मोडला. छत्तीस मिनिटांत १०८ फेक, त्यांतले ५२ आत. सामना १७९–१०४ असा सुटला. समोरच्या लहान बायबल कॉलेजच्या संघातल्या एकाने सत्तर गुण केले, तरी त्याचा संघ पंचाहत्तर गुणांनी हरला!

तो सामना ज्यांनी जिममध्ये पाहिला त्यांच्यात आमचे तिघेही होते, आणि अकरा वर्षांनंतरही त्यांचे त्यावर एकमत नव्हते. गुरुजींना तो प्रकार रुचला नव्हता. “१३८ गुण, आणि सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास एकही नाही. शून्य! दुबळ्या संघासमोर एका मुलाने शंभरावर फेक करायचे, याला मी खेळ म्हणत नाही. याला बेरीज म्हणतात.” हे गणिताच्या शिक्षकाने म्हणावे, याची मला गंमत वाटे.

टोपीवाले मात्र त्या रात्रीची दुसरीच बाजू सांगत. “सगळ्यांना १३८ आठवतात. मला ५६ आठवतात. छप्पन्न वेळा त्याची फेक चुकली. आणि त्याआधीचं कोणी सांगत नाही. हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत त्याला सूरच सापडत नव्हता. दुसरा कोणी असता तर प्रशिक्षकाने त्याला बसवला असता. यांनी काय केलं? म्हणाले, टाक. सूर सापडेपर्यंत टाकत राहा. दोन वाईट सामन्यांचं उत्तर त्यांनी असं दिलं.”

“आणि पुढच्या नोव्हेंबरात, २०१३ मध्ये, त्यानेच पुन्हा १०९ केले,” बाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या.

“तेही दुबळ्या संघासमोरच!” गुरुजी म्हणाले, आणि वाद पुन्हा पहिल्या घरी आला.

आम्ही गेलो त्या वर्षी संघात एक नवा, पहिल्या वर्षाचा मुलगा होता. त्याचे नाव देत नाही. पांढऱ्या बुटांचा म्हणू. पंगत बसली की तो धावत येई, कोपऱ्यात उभा राही, चेंडू येताच टाकी, आणि चेंडू कड्याला लागून बाहेर जाई. पहिल्या सामन्यात सहापैकी सहा फेक वाया. दुसऱ्या सामन्यात त्याचा पहिला चेंडू कड्यालाही न लागता खाली आला, तेव्हा मी माझ्या स्वभावाला अनुसरून मोठ्याने म्हणालो, “याला बास्केट कुठे आहे ते कोणीतरी दाखवा!”

आपल्याकडे अशा वाक्याला हमखास हशा मिळतो. तिथे कोणी हसले नाही. बाईंचे हात मात्र थांबले. सामना चालू असताना ते थांबलेले मी प्रथमच पाहिले. गुरुजींनी वही काढली आणि माझ्यापुढे धरली.

“समज, हा मुलगा तीनात एक टाकणारा आहे. चांगला म्हणावा असा. तर त्याची एक फेक चुकण्याची शक्यता दोन तृतीयांश. ओळीने सहा चुकण्याची शक्यता किती?”

मी कला शाखेचा विद्यार्थी. गुणाकार त्यांनीच केला. चौसष्ट छेद सातशे एकोणतीस. “म्हणजे साधारण अकरात एकदा. देशात चारशेच्या वर कॉलेजं आहेत. या आठवड्यात असे कितीतरी चांगले मुलगे सहाच्या सहा चुकवून आज रात्री जागे असतील. त्यातले किती जण पुन्हा चेंडू हातात घेतील, हे त्यांच्या फेकीवर ठरणार नाही. ते आपल्यासारख्यांवर ठरणार आहे.” मग त्यांनी वही मिटली आणि टोपीवाल्यांचेच वाक्य, स्वतःला मान्य नसलेले, मला ऐकवले: “पोरा, हा नोव्हेंबर आहे.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझाही एक नोव्हेंबर होता. तो आला होता ऑगस्टात, आणि तोही आपल्याच कॉलेजच्या मैदानावर.

२०२२ साल. मी बारावीत होतो. जिल्हा पातळीवरच्या आंतरशालेय स्पर्धेत आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाचा बास्केटबॉलचा संघ उतरला होता. संघात माझ्या वर्गातला एक मुलगा होता. उंच, काटकुळा आणि अबोल. पहिल्याच सामन्यात त्याने नऊ फेक केल्या आणि नऊच्या नऊ चुकल्या. आम्ही सहा गुणांनी हरलो. मी काही खेळाडू नाही. मी प्रेक्षक, आणि शीघ्रकवी म्हणून वर्गात माझे थोडे नाव होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातल्या फळ्यावर मी दोन ओळी लिहिल्या:

नऊदा फेकला चेंडू वर, एकदाही ना पडला आत,
कडे म्हणाले, बाळा आधी घरी जाऊन जेव भात!

वर्ग हसला. कोणी त्याचा फोटो काढला आणि तो दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजभर फिरला. आठवड्याभरात त्या मुलाचे नाव ‘भात’ पडले. तो पुढच्या सामन्याला आला नाही. त्यानंतर सरावालाही आला नाही. परीक्षा दिली आणि दिसेनासा झाला. मी तेव्हा स्वतःशी म्हटले, थट्टा सोसत नसेल तर मैदानात यावे कशाला?

ग्रिनेलच्या त्या रात्री मी गुरुजींच्या पद्धतीने कागदावर हिशेब मांडला. सरावात तो तीनात एक टाकत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. ओळीने नऊ चुकण्याची शक्यता अडतीसात एकदा. वर्गात आम्ही ऐंशी जण होतो. म्हणजे आम्ही सगळे तीनात एक टाकणारे असतो आणि प्रत्येकाने नऊ फेक केल्या असत्या, तर सरासरीने दोघांवर ही पाळी आली असती. त्याच्यावर आली. फळ्यावर खडू घेऊन मी उभा होतो, एवढाच काय तो फरक.

सकाळी चहाच्या वेळी मी आजीला सगळे सांगितले. वाटले, ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतास. ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “कोण रे? आपल्याकडे पेपर टाकायचा तो?”

मला माहीतच नव्हते.

“साडेपाचला यायचा बघ. सायकलवरून. पावसाळ्यात नुसता निथळत असायचा. एकदा मी त्याला आत बोलावलं, रात्रीचा भात फोडणीला टाकला होता तो दिला. मग रोजचंच झालं. ओट्यापाशी उभ्याउभ्या खायचा आणि ताटली घासून ठेवून जायचा. नंतर एकदम यायचा बंद झाला. एजंटाने दुसरा मुलगा पाठवला. मला वाटलं, आजारी-बिजारी पडला असेल.”

वाचकहो, मी ‘भात’ हा शब्द निव्वळ ‘आत’शी यमक जुळावे म्हणून घातला होता. माझ्या घरात रोज पहाटे काय घडत होते याचा मला पत्ता नव्हता, कारण साडेपाचला मी गाढ झोपेत असे. पण त्याला हे कसे कळावे? त्याने फळ्यावरचे ते वाचले तेव्हा त्याला काय वाटले असेल? ज्या घरात आपण पोटाला चार घास खातो, त्या घरातला मुलगा ते चार घास सगळ्या कॉलेजला वाचून दाखवतो आहे!

मी फोनवर त्याला मजकूर लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. काही गोष्टी समोर उभे राहूनच बोलायच्या असतात, अशी मनाची समजूत घातली. खरे म्हणजे धीर होत नव्हता.

हिवाळा सरत गेला. सामने होत राहिले. पांढऱ्या बुटांचा मुलगा काही जॅक टेलर झाला नाही. पण त्याला कोणी बसवलेही नाही. पंगत बसली की तो येई, कोपऱ्यात उभा राही, टाकी. तिसऱ्या की चौथ्या सामन्यात त्याची पहिली फेक आत गेली, तेव्हा सगळा बाक उभा राहिला. टोपीवाल्यांनी टोपी काढली आणि तिच्याखाली केस नाहीत हे जगाला समजले. फेब्रुवारीत शेवटचा घरचा सामना झाला. गुरुजींनी वही उघडून दाखवली. मुलगा तीनात एकाच्या थोडा खाली होता. “पुढच्या वर्षी येईल वर,” ते म्हणाले. टोपीवाले म्हणाले, “म्हणजे नोव्हेंबरात काही कळलं नव्हतं, हे कबूल?” गुरुजी म्हणाले, “मुळीच नाही.” आजीला बाईंनी मफलर दिला. आजीने त्यांना भाजणीचा रिकामा डबा दिला. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात मूठभर साखर घालून.

मार्च २०२४ मध्ये आम्ही परत आलो. चौथ्या दिवशी मी त्याला शोधून काढले. एका कुरिअरच्या गोदामात तो पार्सले लावत होता. मला पाहून त्याने पार्सल खाली ठेवले, पण जवळ आला नाही. मी अमेरिकेत दहा वेळा तयार केलेले वाक्य विसरलो आणि म्हणालो, “मला माहीत नव्हतं रे. भाताचं. मी साडेपाचला झोपलेला असतो.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला, पण ते हसणे ऐकून मला बरे वाटले नाही. म्हणाला, “दीड वर्ष मी तुमच्या गल्लीतून जात नाही. लांबून वळसा घालून जातो. आणि तू झोपला होतास?”

मी माफी मागितली. तो म्हणाला, “यमक चांगलं होतं.” पुन्हा खेळायला येशील का, असेही मी विचारले. त्यावर त्याने गोदामाकडे हात केला. “आता वेळ कुठंय?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. त्या वर्षी तो पदवीला गेला असता, कॉलेजच्या संघात आला असता, तीनात एक टाकत राहिला असता, किंवा कदाचित आलाही नसता. पण तो हिशेब आता गुरुजींनाही मांडता येणार नाही. काही आकड्यांना पुढचे सामनेच मिळत नाहीत.

एक मात्र झाले. पुढच्या रविवारी सकाळी दारात सायकलची घंटी वाजली. मी त्या दिवशी मुद्दाम पाचला उठलो होतो. आजीने फोडणीचा भात दोन ताटल्यांत वाढला. उभ्याउभ्याच खाल्ला आम्ही. तो आजीला म्हणाला, “मीठ जास्त झालंय.” आजी म्हणाली, “अमेरिकेचं पाणी, दुसरं काय!”

आता हे सगळे वार्षिकांकात लिहिण्याचे कारण. गेल्या ऑगस्टात, म्हणजे २०२५ मध्ये, आपल्या संघाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना आपल्याच मैदानावर झाला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. मी हल्ली गुणलेखकाच्या टेबलाशी बसतो. कविता सोडली, वही धरली. प्रथम वर्षाच्या एका मुलाच्या ओळीने पाच फेक चुकल्या. सहावी चुकली तेव्हा मागून एक खणखणीत आवाज आला. काय म्हणाला ते लिहीत नाही. वाक्य चांगले होते, यमकही होते. आजूबाजूचे हसायला लागले.

मी मागे वळून म्हणालो, “अरे, नोव्हेंबर आहे अजून!”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आवाजवाला म्हणाला, “नोव्हेंबर? अरे, हा ऑगस्ट आहे!”

“तेच म्हणतोय,” मी म्हणालो, आणि वहीत त्या मुलाच्या नावापुढे सहावी फुली मारून सातव्यासाठी जागा मोकळी ठेवली.

— द्वितीय वर्ष, कला